मॅक्स लिंडरवर मराठी माहितीपट: कामाच्या नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

यंदा ऑक्टोबरअखेर मॅक्स लिंडर या मूकपटांच्या काळातल्या फ्रेंच विनोदी नटाला जाऊन शंभर वर्षं होतात. इथे पॅरिसमध्ये राहून सात वर्षं झाली, ऑफिसला जाताना त्याच्या नावाच्या थिएटरवरून बस जाते आणि तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस कोण ते मला माहीत नव्हतं. मग एका रात्री त्याची एक फिल्म बघितली आणि इतकी हसले की शेजारच्या खोलीत झोपलेली मुलगी उठली. तेव्हापासून डोक्यात आहे की हे मराठीत आणायचं. आमच्या मराठी मंडळाच्या नोव्हेंबरच्या कार्यक्रमात अर्धा तास मागून घेतलाय, मिळाला. वीस-बावीस मिनिटांचा माहितीपट, निवेदन मराठी, पडद्यावरच्या पाट्या मराठी, संगीत आपलं. बजेट ३०० युरो, वेळ फक्त शनिवार-रविवार.

नोंदी यासाठी ठेवतेय की कुणाला दुसऱ्या एखाद्या मूकपटाच्या नटावर असं काही करायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्याचे जाऊ नयेत.

६ सप्टेंबर, शनिवार

पहिलं काम, जन्माची नोंद. खरं नाव गाब्रिएल माक्सिमिलियँ लव्हिएल, जन्म १६ डिसेंबर १८८३, घरची द्राक्षांची शेती. सगळीकडे 'बोर्डोजवळ' असं लिहिलेलं असतं म्हणून मी जिरोंद जिल्ह्याच्या ऑनलाइन दफ्तरात सरळ बोर्डो शहराचे रजिस्टर उघडून बसले आणि साडेतीन तास पानं उलटली. नाव कुठून सापडणार, जन्म बोर्डोचा नाहीच, सँ-लूबेस नावाच्या गावचा आहे.

ज्यांना फ्रान्समधल्या जुन्या नोंदी शोधायच्यात त्यांच्यासाठी: आधी गाव पक्कं करा, मग दर दहा वर्षांची जी सूची असते (१८८३ ते १८९२ अशी) ती उघडा, त्यात आडनावाने नाव आणि तारीख मिळते, मग त्या वर्षाच्या रजिस्टरात जा. असं केल्यावर वीस मिनिटांत काम झालं. ते वळणदार हस्ताक्षर बघून मात्र साडेतीन तासांचा शीण गेला.

नावाच्या उच्चारावर अख्खी संध्याकाळ गेली. फ्रेंच लोक 'लँदेर' म्हणतात. मी निवेदनाची पहिली चार पानं 'माक्स लँदेर' अशी लिहिली, घरी वाचून दाखवली तर नवरा म्हणाला हे कुणाबद्दल आहे? आपल्याकडे सिनेमावर वाचणारा माणूस 'मॅक्स लिंडर' असंच ओळखतो. ठरवलं की माणसाचं नाव मराठीत रुळलेलं ठेवायचं, गावांची नावं फ्रेंच उच्चाराने. एक नियम केला की कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, नाहीतर मी केलं तसं पान ३ वर एक आणि पान ७ वर दुसरं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

फिल्म्सची यादी. १९०५ मध्ये तो पाथे या फिल्म बनवणाऱ्या कंपनीत लागला, दिवसा पाथेच्या स्टुडिओत आणि रात्री नाटकात. त्याने शेकडो छोट्या फिल्म्स केल्या, त्यातल्या कितीतरी गेल्या. मी एक्सेलमध्ये यादी करायला घेतली आणि दुपारपर्यंत ती इतकी फुगली की शंका आली. झालं असं की एकच फिल्म फ्रान्समध्ये एका नावाने, इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या, जर्मनीत तिसऱ्या नावाने लागायची आणि मी तिन्ही वेगवेगळ्या धरल्या होत्या. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत फिल्मच्या नावात 'मॅक्स' नसतंच. लोक चेहऱ्याने ओळखायला लागले तसं कंपनीने नाव पुढे आणलं, १९१० पासून मग 'मॅक्स हे करतो, मॅक्स ते करतो' सुरू.

उपाय: आंरी बूस्केने केलेली पाथेची फिल्मसूची ऑनलाइन आहे, तिच्यात प्रत्येक फिल्मची लांबी मीटरमध्ये दिलीय. नावापेक्षा लांबी आणि कथासार जुळवा. मीटरवरून वेळ काढायची तर ३५ एमएमच्या एका मीटरमध्ये साधारण ५२ फ्रेम बसतात, सेकंदाला १६ फ्रेमने चालवलं तर मिनिटाला १८ मीटर जातात, म्हणजे १५० मीटरची फिल्म आठेक मिनिटांची. तुमच्या हातातली व्हिडिओ फाइल त्याच फिल्मची पाच मिनिटांची असेल तर एकतर ती कापलेली आहे नाहीतर जोरात पळवलेली आहे. हे गणित मला पुढे फार उपयोगी पडणार होतं पण मी ते त्या दिवशी यादीपुरतंच वापरलं, ती चूक खाली येईलच.

१३-१४ सप्टेंबर

स्क्रिप्टचा पहिला खर्डा, १९ पानं. सुरुवात केली १९२५ च्या ऑक्टोबरपासून. पॅरिसमधलं हॉटेल, मॅक्स आणि त्याची तरुण बायको, दोघांचा शेवट, सोळा महिन्यांची मुलगी मागे. मग फ्लॅशबॅकने बालपण. लिहिताना वाटलं जबरदस्त सुरुवात आहे. दुसऱ्या पानावर चॅप्लिन, की चॅप्लिनसारखा माणूस याला आपला गुरू मानायचा.

रविवारी रफ कट (क्लिप्सची कच्ची जोडणी) लावला, १४ मिनिटं भरली.

२० सप्टेंबर, शनिवार

घरी आठ जणांना दाखवलं. चार मोठी माणसं, तीन मुलं आणि भारतातून आलेल्या शेजारच्या वहिनींच्या सासूबाई. काही चाललं नाही. पहिल्या दोन मिनिटांत मृत्यू सांगितल्यावर पुढे कोण हसणार? पडद्यावर मॅक्स बर्फावर घसरतोय, टोपी सांभाळतोय, आणि खोलीत सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेत. मुलं दहाव्या मिनिटाला उठून गेली. आणि आजी शेवटी म्हणाल्या, "अगं, तो माणूस कसा होता ते सांग ना, तू नुसतं कसा गेला ते सांगत्येस."

रात्रभर तेच डोक्यात होतं. मी ज्या फिल्ममुळे या माणसाच्या प्रेमात पडले ती मी बाराव्या मिनिटाला टाकली होती. मला तो माहीत झाला हसून, आणि लोकांना मी त्याची ओळख करून देत होते त्याच्या मरणापासून, वर चॅप्लिनच्या सावलीत उभं करून. चॅप्लिनने त्याच्याकडून घेतलं हे खरंच आहे आणि चॅप्लिनने ते मोठ्या मनाने कबूलही केलं, पण १९१० ते १९१३ या काळात, चॅप्लिन अजून कॅमेऱ्यासमोर आलाही नव्हता तेव्हा, स्पेनपासून रशियापर्यंत लोक या माणसाच्या नावावर तिकिटं काढत होते. त्याला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी कशाला लागते.

१९ पानं बाजूला ठेवली. नवा क्रम: आधी एक फिल्म जवळजवळ पूर्ण, एक शब्द न बोलता. मग माणूस. चॅप्लिन शेवटच्या भागात, एका वाक्यात.

२१ सप्टेंबर, रविवार

सुरुवातीसाठी फिल्म निवडली: १९११ ची, जिच्यात मॅक्स कोयनेलचा बळी ठरतो. फ्रेंच नावात 'कँकिना' आहे, म्हणजे सिंकोनाची साल, ज्यापासून आपलं कोयनेल. तेव्हा फ्रान्समध्ये ती साल घातलेली वाइन टॉनिक म्हणून प्यायचे. अशक्त मॅक्सला डॉक्टर या वाइनचा एक पेला लिहून देतो. घरात पेला आहे तो 'बोर्डोची आठवण' असं लिहिलेला, घागरीच्या जवळ जाईल एवढा. मॅक्स डॉक्टरांचा शब्द पाळतो, एकच पेला घेतो.

पुढचं सगळं त्या पेल्यातून येतं. झिंगलेला मॅक्स रस्त्यात एकामागून एक मोठ्या माणसांशी भांडतो, प्रत्येकजण द्वंद्वयुद्धासाठी आपलं कार्ड त्याच्या हातात ठेवतो. मग पोलीस या दारुड्याला पकडतात, खिशात कार्ड सापडतं, कार्डावर साहेबांचं नाव, आणि पोलीस एकदम कडक सलाम ठोकून त्याला अदबीने 'त्याच्या' घरी पोचवतात. म्हणजे ज्याच्याशी भांडला त्याच्याच घरी. तिथून हाकलला की दुसरा पोलीस, दुसरं कार्ड, दुसरं घर.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं तर मॅक्सची दारू. तो कोलमडत नाही. तो पाय जपून टाकतो, सभ्य माणूस नशा लपवायला जितका ताठ चालतो तितका ताठ चालतो. त्याच्या आधी पाथेत आंद्रे दीद हा मोठा विनोदी नट होता, त्याचं काम आदळआपटीचं, फर्निचर तोडायचं. तो इटलीला तुरीनच्या कंपनीत निघून गेला आणि १९०९ पासून ती जागा मॅक्सकडे आली. मॅक्सने उलटं केलं. रेशमी उंच टोपी, हातमोजे, काठी, कोरलेली मिशी, चांगल्या घरातला तरुण, आणि त्याची अब्रू जाऊ नये म्हणून चाललेली धडपड. हसू अब्रूतून येतं, पडण्यातून नाही. द्राक्षबागायतदाराचा मुलगा आहे, वाइनच्या पेल्यावर फिल्म करतो आणि पेल्यावर आपल्याच मुलखाचं नाव, हे जुळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला.

अडचण एकच, पुन्हा मुलांना दाखवली तर कार्ड कशाला देतात तेच कळलं नाही. तिथे एक पाटी टाकली: 'हे माझं कार्ड. तलवारी घेऊन भेटू.' मूळ फिल्ममध्ये ही पाटी नाही, म्हणून ती वेगळ्या रंगात ठेवली, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही आमची भर आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

हक्कांचा दिवस, आणि वाईट दिवस. मी समजत होते शंभर वर्षं जुनं म्हणजे सगळं मोकळं. टेस्ट म्हणून तीन मिनिटांची क्लिप प्रायव्हेट अपलोड केली, अर्ध्या तासात दावा आला. फिल्मवर नाही, तिच्यावर लावलेल्या पियानोवर. फिल्म जुनी, पण रिस्टोअर केलेल्या प्रतीवर कुणीतरी अलीकडे संगीत दिलेलं असतं, ते नवीन असतं. पहिला धडा, कुठलीही प्रत घेतली की आवाजाचा ट्रॅक आधी काढून टाका.

दुसरी गोष्ट मोठी. युरोपात फिल्मचे हक्क दिग्दर्शक-लेखक वगैरे मंडळींतला शेवटचा माणूस गेल्यावर ७० वर्षं चालतात. मॅक्स १९२५ ला गेला, त्याने स्वतः लिहून दिग्दर्शित केलेल्या फिल्म्सची काळजी नाही. पण १९०७ ची स्केटिंगची फिल्म, वँसेनच्या जंगलातल्या गोठलेल्या तळ्यावरची, जिच्यात तो टोपीवाला सभ्य गृहस्थ पहिल्यांदा दिसतो, तिचा दिग्दर्शक म्हणून लुई गानिएचं नाव आहे आणि तो १९६३ ला गेला. म्हणजे २०३३ पर्यंत थांबा. १९१९ ची 'ल पती काफे' रेमाँ बेर्नारची, तो १९७७ ला गेला. १९२४ ची 'ओ सकूर' आबेल गाँसची, तो १९८१ ला गेला, म्हणजे २०५१.

रफ कटमधली साडेचार मिनिटं उडाली. वकिलाकडे जायला पैसे नाहीत म्हणून सोपा नियम केला: १९११ पासूनच्या, मॅक्सने स्वतः दिग्दर्शित केलेल्या फिल्म्सच वापरायच्या. बर्फावरचा प्रसंग निवेदनात सांगायचा. तुम्ही कुणावरही करत असाल, एडिट सुरू करण्याआधी दिग्दर्शकांच्या मृत्यूची वर्षं यादीत भरा. मी हे महिन्याने केलं.

४-५ ऑक्टोबर

संगीत. आमच्यातले एक काका पेटी वाजवतात आणि एक मुलगा तबला. दोन्ही दिवस आमच्या बैठकीत रेकॉर्डिंग, माइक ६४ युरोला घेतला. मॅक्सच्या ताठ चालीला काकांनी लावणीच्या ठेक्याच्या आसपासचं काहीतरी धरलं आणि ते इतकं फिट्ट बसलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पोलिसांच्या सलामाला तबल्याची थाप. शनिवार-रविवार मिळून अकरा तास.

चहा पिताना त्यांना गोष्ट सांगितली की १९१३ च्या रशियाच्या दौऱ्यात मॅक्सला पियानोवर साथ करणारा तरुण मुलगा होता दिमित्री त्योमकिन, तोच पुढे हॉलिवूडला गेला आणि 'हाय नून' या सिनेमाच्या संगीतासाठी ऑस्कर घेऊन आला. तबलेवाला मुलगा त्यानंतर दुप्पट जोरात वाजवायला लागला.

११ ऑक्टोबर, शनिवार

ते अकरा तास वाया गेले. चूक पूर्णपणे माझी.

मोठ्या पडद्यावर चालवून बघताना लक्षात आलं की मॅक्स पळतोय. चालत नाही, पळतोय. माझी फाइल सेकंदाला २५ फ्रेमची, आणि मूळ शूटिंग हाताने कॅमेरा फिरवून, १६ ते १८ च्या आसपास. जुन्या फिल्ममधली माणसं तुरुतुरु पळतात असं आपल्याला लहानपणापासून वाटतं ना, ती तशी पळत नव्हती, आपण त्यांना पळवतो. आणि बाकी कुणाचं एकवेळ चालेल, पण मॅक्सचं सगळं काम चालीत आणि डोळ्यांत आहे. पेला खाली ठेवल्यावर तो क्षणभर थांबतो, ओठ पुसतो, 'आता कसं बरं वाटतंय' असा चेहरा करतो. २५ ने चालवलं तर तो क्षण राहतच नाही. ७ सप्टेंबरला मीटरचं गणित लिहून ठेवलं होतं, त्या दिवशीच फाइलची लांबी ताडून बघितली असती तर इथपर्यंत आलंच नसतं.

स्पीड ७२ टक्के केला, म्हणजे १८ फ्रेम. १६ ने फार जड वाटलं, १८ बरोबर. पण ३ मिनिटं २० सेकंदांचा तुकडा आता ४ मिनिटं ३८ सेकंदांचा झाला आणि पेटी-तबला पुढे निघून गेला. संगीत ताणून बघितलं, पेटी रडल्यासारखी वाजायला लागली. काकांना फोन करून सांगताना वाईट वाटलं. ते म्हणाले, "अगं परत वाजवू, आता हात बसलाय."

तर क्रम असा: आधी स्पीड, मग एडिट, मग पिक्चर लॉक (म्हणजे चित्रात आता काही बदलायचं नाही), आणि त्यानंतरच संगीताला माणसं बोलवा.

१२ ऑक्टोबर, रविवार

मराठी पाट्या. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केलं की वेलांटी चुकीच्या अक्षरावर, जोडाक्षरं तुटलेली, 'द्वंद्व' तर वाचताच येईना. दोन तास सेटिंग शोधत बसले. शेवटी सोपा उपाय केला, सगळ्या पाट्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र (पीएनजी) म्हणून आणल्या. ५४ पाट्या. त्यातही पहिल्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येत होते, मला ते चालणार नव्हतं, आपल्या शाळेच्या पुस्तकातला ल हवा होता. टायरो देवनागरी मराठी नावाचा फाँट फुकट आहे, त्यात बरोबर येतात. जुन्या फिल्मच्या दाणेदार चित्रासोबत दिसतोही छान.

पाटी किती वेळ ठेवायची? मी घरातल्या सगळ्यात हळू वाचणाऱ्या माणसाला, म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला, मोठ्याने वाचायला लावलं आणि तेवढा वेळ ठेवला. तिचं वाचन इथे सगळं फ्रेंचमध्ये चालतं, तिला जमलं तर सगळ्यांना जमेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पॅरिसमधलं शूटिंग. बुलव्हार प्वासॉनिएरवर २४ नंबरला मॅक्सचं थिएटर. १९१४ मध्ये त्याने ते स्वतः घेतलं, आजही चालू आहे आणि त्याच्याच नावाने. तिथे उभं राहून फोनवर चार शॉट घेतले, बसमध्ये मागे बसून एक घेतला, तोच सगळ्यात चांगला आला. दुपारी वँसेनला तळ्यावर. बर्फ अर्थात नाही, बदकं आहेत. त्या पाण्यावर मी बर्फाच्या प्रसंगाचं निवेदन ठेवलंय, गेलेल्या साडेचार मिनिटांची भरपाई.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार रात्र

युद्ध आणि नंतरचा भाग लिहिला. हा भाग मी टाळत होते. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो कीर्तीच्या शिखरावर, तो युद्धावर गेला आणि आघाडीवर निरोप पोचवणारी गाडी चालवायला लागला. तिथून परतला तो मोडलेली तब्येत घेऊन, जी परत कधीच धड झाली नाही. १९१६ मध्ये चॅप्लिनने एसाने ही अमेरिकन फिल्म कंपनी सोडली आणि त्या जागी अमेरिकेने मॅक्सला बोलावलं, बारा फिल्म्सचा करार. झाल्या तीन. न्यूमोनिया झाला, परत युरोप, स्वित्झर्लंडमध्ये महिनोन्‌महिने उपचार. मग पुन्हा अमेरिका, यावेळी स्वतःच्या जिवावर, आणि तीन मोठ्या फिल्म्स: १९२१ मध्ये 'सेव्हन इयर्स बॅड लक' आणि 'बी माय वाइफ', १९२२ मध्ये 'द थ्री मस्ट-गेट-देअर्स', जिच्यात जुन्या काळातले तलवारवाले शिपाई मोटरसायकलवरून येतात.

'सेव्हन इयर्स'मधला आरसा मी अडीच मिनिटं ठेवलाय. नोकराकडून मोठा आरसा फुटतो, मालकाला कळू नये म्हणून तो स्वयंपाक्याला मालकासारखे कपडे घालून रिकाम्या चौकटीमागे उभा करतो, आणि मॅक्स समोर उभा राहून दाढी करायला लागतो. तो वस्तरा उचलतो, हाही उचलतो. मॅक्सला संशय येतो आणि तो 'आरशाला' पकडायला बघतो. तिथे माझ्या स्क्रिप्टमध्ये 'हा गॅग (विनोदाची युक्ती) मॅक्सनेच शोधला' असं वाक्य होतं, ते काढलं. चॅप्लिनच्या १९१६ च्या 'फ्लोअरवॉकर'मध्ये आरशाच्या कल्पनेवरचा खेळ आधीच आहे. मॅक्सचं मोठेपण तो किती वेळ धीर धरतो त्यात आहे, दाढीचा फेस सुकेपर्यंत ओढतो.

शेवट लिहायला चार तास लागले, वाक्यं झाली सहा. १९२३ मध्ये लग्न, बायको निनेत तेव्हा विशीचीही नव्हती, तो चाळिशीला आलेला. मुलगी मोद १९२४ ची. मृत्यूची तारीख छापलेली बघायला जावं तर ३१ ऑक्टोबरही सापडते आणि १ नोव्हेंबरही, मी 'ऑक्टोबरअखेर' असं ठेवलं. पहिल्या खर्ड्यात मी 'दोघांनी प्रेमापोटी एकत्र जगाचा निरोप घेतला' असं वाक्य लिहिलं होतं. ते मी आता वाचू शकले नाही. इतक्या कोवळ्या मुलीने काय ठरवलं आणि तिच्यासाठी काय ठरवलं गेलं यावर मी प्रेमाचा मुलामा चढवणार नाही. कसं झालं तेही सांगितलं नाही. दोघंही गेली, आणि एक बाळ मागे राहिलं, एवढंच.

आणि मग मोद. या मुलीने आयुष्यभर वडिलांच्या फिल्म्स शोधल्या, जमवल्या. १९६३ मध्ये त्या तीन अमेरिकन फिल्म्समधून एक फिल्म बांधली, १९८३ मध्ये वडिलांवर माहितीपट केला. ज्या माणसाची तिला आठवणसुद्धा असणं शक्य नव्हतं त्याला ती पडद्यावरून ओळखत गेली. २०१७ मध्ये ती गेली. आज आपण मॅक्स बघू शकतो त्यात तिचा वाटा फार मोठा आहे, माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये तिला एक ओळ होती, आता दोन मिनिटं आहेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

सँ-लूबेस. जायचं हे सप्टेंबरमध्येच ठरलं होतं, तिकीट काढलं ऑक्टोबरमध्ये, त्यात शाळांच्या सुट्ट्या, जाऊन-येऊन ११८ युरो पडले. लवकर काढलं असतं तर बरेच वाचले असते. बोर्डोहून लिबूर्नकडे जाणाऱ्या लोकलने हे गाव लागतं. सार्वजनिक सुट्टी म्हणून गाड्या कमी, मी रोजचं वेळापत्रक बघून आले होते, बोर्डो स्टेशनवर पावणेदोन तास बसले.

१ नोव्हेंबर म्हणजे इथे तूसँ, आपल्या सर्वपित्रीच्या जवळचा दिवस, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. नेतात काय, तर शेवंती. कुंड्याच्या कुंड्या. आपल्याकडे शेवंती म्हणजे देवाचा हार, वेणी, दसरा, आणि इथे कुणाच्या घरी शेवंती घेऊन गेलात तर चेहरे पडतात. मी स्टेशनजवळून ९ युरोची एक पिवळी कुंडी घेतली. स्मशानात सगळीकडे पिवळा-पांढरा-जांभळा रंग, पोरं-बाळं, म्हातारी माणसं, घासूनपुसून स्वच्छ केलेले दगड. मॅक्सच्या कबरीशी कुंडी ठेवली आणि मग कॅमेरा काढवेना. आजूबाजूला लोक आपल्या माणसांपाशी उभे आहेत. दुपारी गर्दी ओसरल्यावर फोनवर दोन फोटो काढले, कुणाचा चेहरा येणार नाही असे, आणि परत आले.

इथे चूक अशी की गावच्या नगरपालिकेला आधी मेल करून परवानगी घ्यायला हवी होती, सुट्टीच्या दिवशी विचारायला कोणी नसतं. सोमवारी मेल केला, गुरुवारी छान उत्तर आलं, फोटो वापरा म्हणून.

ठरवलेला शॉट नाही मिळाला. त्या दोन स्थिर फोटोंवर मोदचा भाग ठेवला आणि संगीत काढून टाकलं. त्या वीस सेकंदांत काहीच वाजत नाही.

८-९ नोव्हेंबर

पेटी-तबला दुसऱ्यांदा. यावेळी सात तासांत झालं. निवेदन मी स्वतः केलं, कपाट उघडून साड्यांच्या मध्ये माइक ठेवून, खोलीचा घुमणारा आवाज जातो. एकूण लांबी २३ मिनिटं १० सेकंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाचा कार्यक्रम, ४१ माणसं. दिवे गेले, एकही शब्द नाही, डॉक्टर, कागद, मग तो पेला आला आणि मागून कुणीतरी मोठ्याने "अगंबाई!" म्हणालं. तिथून हॉल हसत सुटला. पहिल्या पोलिसाच्या सलामापर्यंत मुलं खुर्च्यांवर उभी होती. माझं निवेदन सुरू व्हायला साडेपाच मिनिटं होती आणि मी पहिल्यांदाच शांत बसले होते.

प्रोजेक्टरने चित्र वर-खाली कापलं, कारण हॉलचा पडदा रुंद आणि आपली फिल्म जवळजवळ चौकोनी. मॅक्सची टोपी चार मिनिटं गायब होती, मग तंत्रवाल्या दादांनी सेटिंग सापडवून दिलं. हॉलमध्ये एक तास आधी जा, आणि पहिली फ्रेम लावून चारही कोपरे दिसतात का बघा.

शेवटच्या वीस सेकंदांत पडद्यावर ती पिवळी कुंडी आणि नुसती शांतता, कुणी हललं नाही. सप्टेंबरमधल्या आजी आता साताऱ्याला परत गेल्यात, त्यांना फाइल पाठवलीय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हिशोब: रेल्वे ११८, लोकल १०, माइक ६४, हार्ड डिस्क ७२, हॉलमधला आमचा वाटा ९०, शेवंती ९. एकूण ३६३ युरो, ठरल्यापेक्षा ६३ जास्त. वेळ ९४ तास, त्यातले पंचवीसेक चुकांवर गेले.

कार्यक्रमानंतर दोन दुरुस्त्या केल्या. एका पाटीत 'द्वंद्व'चा अनुस्वार राहिला होता. आणि बार्सिलोनाची, १९१३ ची मॅक्स टोरेरो (बैलाशी झुंजणारा) होतो ती क्लिप, तिच्यात खरा बैल आणि खरं रिंगण आहे, ती छोट्या मुलांना नको असं दोन आयांनी सांगितलं, बरोबर वाटलं, ४० सेकंद काढली. त्या जागी १९१२ चा मॅक्सचा कुत्रा डिक टाकायचा आहे, जो घरात काय चाललंय ते मालकाला ऑफिसात फोन करून कळवतो. पेटीवाल्या काकांना दाखवलंय, ते भुंकण्यासाठी काळी चारचा सूर शोधतायत.